तळघरातला ड्युटी चार्ट

तुमच्या कामाच्या जागी मॅनेजर कोण आहे? दारावरच्या पाटीवरचं नाव नको. कोण एक दिवस आलं नाही तर दुपारपर्यंत सगळ्यांचे हात थांबतात, ते सांगा. सांगता येत नसेल तर तुम्ही बहुतेक पाटीच्या आतल्या बाजूला बसता.

परळच्या एका मोठ्या खासगी इस्पितळाच्या तळघरात ती जागा अकरा वर्षं संघमित्रानं चालवली. राहणार घोडपदेव, चाळीत दुसरा मजला. वय शेहेचाळीस, शिक्षण बारावी, कार्डावर हुद्दा ‘लाँड्री असिस्टंट’. वरच्या सगळ्या मजल्यांच्या चादरी, पेशंटचे कपडे, ऑपरेशन थिएटरचे हिरवे कापडी सेट, सगळं तिच्या खात्यातून धुऊन, दाबून, घडी घालून वर जायचं. थिएटरला सकाळी सातला सेट पोचले नाहीत तर सर्जन हात धुऊन नुसता उभा राहणार. अकरा वर्षांत तो कधी उभा राहिला नाही.

ती काय करायची? काही नाही, माणसं ओळखायची. जयवंतची कंबर गेलेली, म्हणून तो वॉशिंग मशीनवर. ओले गठ्ठे उचलायला तरणा अभय. मालनला अलीकडे अंगातून वाफा यायच्या, म्हणून तिला ड्रायरपासून लांब, घडीच्या टेबलावर. वरून कुणी ओरडत आला तर पुढं संघमित्रा. कुणी शाबासकी द्यायला आला तर ती म्हणायची, “मला काय सांगता, जयवंतना सांगा.”

आणि एक रीत तिनं घरून आणली होती. तिचे वडील रामजी गिरणीत साचाखात्यात, सूत कातायच्या खात्यात होते. मागखात्यात, कापड विणायला, त्यांच्या माणसांना उभं करत नसत. का, ते ठाऊक नसेल तर आपल्या आजोबांना विचारा, आठवत असेल तर सांगतील. डबेसुद्धा वेगवेगळे खायचे. पण पाळी मात्र एकमेकांची भरायचे. गणपतीत कोकणातली माणसं गावाला गेली की घोडपदेव-नायगावचे त्यांच्या साच्यावर उभे. सहा डिसेंबरला आणि चौदा एप्रिलला कोकणातले ह्यांच्या साच्यावर. कागद नाही, सही नाही. शब्द मोडणाऱ्याच्या साच्यावर सूत तुटलं तर पुढं कुणी हात लावायचा नाही, एवढाच कायदा.

संघमित्राच्या खात्यात अकरा जण लालबाग-परळचे, मूळ कोकणातले. ती धरून नऊ जण घोडपदेव-नायगावचे. तिनं तीच रीत लावली आणि अकरा वर्षं एक अर्ज फाटला नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात शंतनु आला. ठाकूरद्वारचा, एकतीस वर्षांचा, मॅनेजमेंटची पदवी, मराठी अगदी स्वच्छ. ज्या पदासाठी संघमित्राला चार वर्षं “बघू” सांगत होते, त्या पदावर. केबिनमध्ये त्यानं भिंतीवर फ्रेम लावली: उत्तम मॅनेजरचे दहा गुण, इंग्रजीत. पहिला गुण, ऐकून घेणे.

तळघरात तो पहिल्या दिवशी आला, नंतर नाही. बायकांना मावशी म्हणायचा, पुरुषांना काका. प्रेम नव्हे हो ते. नावं पाठ करायला नकोत.

“मावशी, रक्ताच्या चादरी पहिल्या पाण्यापासून सत्तर डिग्रीवर घ्या. अर्धा तास वाचतो.”

“साहेब, गरम पाण्यानं रक्त बसतं. आधी गार पाणी लागतं.”

“तुमचा अनुभव आहेच. पण आता प्रोसेस आहे.”

प्रोसेस लॅमिनेट होऊन भिंतीवर आली. पहिल्याच दिवशी चाळीस चादरी तपकिरी डागांनी बाद झाल्या आणि शंतनुनं वर कळवलं, कामगारांकडून चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून चार्ट भिंतीवर आणि गार पाणी मशीनमध्ये. तो बघायला आलाच नाही, तर त्याला कळणार कसं?

महिन्याभरात गणपती आले. अकरा जणांच्या रजा आधीच्या साहेबानं मंजूर केलेल्या. नऊ जणांनी खातं ओढलं. संघमित्राच्या पायांना सूज आली, ती बर्फाची पिशवी बांधून उभी राहिली. एक सेट उशिरा गेला नाही. पुढच्या महिन्यात प्रशासनाच्या मेघना मॅडमसमोर शंतनुनं स्लाइड दाखवली: निम्म्या मनुष्यबळात पूर्ण काम. खाली त्याचं नाव.

संघमित्रानं तेही गिळलं. कारण पुढं सहा डिसेंबर होता.

रामजी सोळा वर्षांचे असताना बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत चालले होते. तेव्हापासून चैत्यभूमीची रांग एका वर्षी चुकली नव्हती. संपात पोटात अन्न नव्हतं तेव्हाही नाही. आता चौऱ्याऐंशी. अलीकडे संघमित्राच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत उभे राहायचे. सात तास, आठ तास. व्हीलचेअरचं नाव काढलं की चिडायचे. “तिथं मी उभा राहायला जातो. ढकलून न्यायला मी गाडी नाय.”

नोव्हेंबरात नऊ अर्ज गेले. शंतनुनं मीटिंग बोलावली.

“एका खात्यातून एका दिवशी दोनच रजा. पॉलिसी आहे.”

“गणपतीला अकरा गेले होते, साहेब. त्यांच्या पाळ्या आम्ही भरल्या. आता आमच्या ते भरणार आहेत.”

“हे तुमचं आपसातलं. सिस्टिममध्ये असं काही नाही.” मग आवाज मऊ करून म्हणाला, “मावशी, असं करा ना. सात तारखेला जा. गर्दीही कमी असेल.”

खोलीत अकरा कोकणातली माणसं बसली होती. संघमित्रानं मालनकडं पाहिलं. मालन तिची अकरा वर्षांपासूनची मैत्रीण, एकमेकींच्या डब्यात हात घालणारी. मालननं ओढणीचं टोक बघायला घेतलं. जयवंत छताकडं. “साहेब, आम्ही तयार आहोत,” असं एकही जण म्हणाला नाही.

शंतनुला दांडीची भीती होती, म्हणून त्यानं त्या दोन रजाही दिल्या नाहीत; पाच आणि सहा डिसेंबर, दोन्ही दिवस नऊ जणांना बारा-बारा तास लावले. जाऊ शकत होती ती. पण वर ऑपरेशनला माणसं झोपलेली होती, आणि त्यांचा काय गुन्हा? सहा तारखेला रात्री ती घरी पोचली तेव्हा रामजी पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसल्या-बसल्या झोपले होते. शेजारचा नेतो म्हणाला होता, त्याच्याबरोबर गेले नाहीत. जागे झाले, शर्टाची बटणं काढत म्हणाले, “पुढच्या वर्षी जाऊ, मित्रा.”

फेब्रुवारीत अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली.

सूड हा शब्द वाचून नाक मुरडणारे पुष्कळ असतात. त्यांनी इथंच पान उलटावं. संघमित्रानं सूड घ्यायचं ठरवलं, आणि ज्या चिकाटीनं ती डाग काढायची त्याच चिकाटीनं सहा महिने वाट पाहिली. कामात खोट नाही, तोंडात वाईट शब्द नाही. फक्त एक बंद केलं. शंतनुला सांभाळून घेणं. त्याच्या चुकीच्या मेलचा अर्थ वर जाऊन समजावणं बंद. त्यानं विसरलेलं आठवून देणं बंद. मालनशी बोलणं, चादरींच्या आकड्यापुरतं.

जुलैअखेर रजेचं ॲप आलं. कोकणातल्या अकरा जणांनी गावच्या गाडीची तिकिटं काढून ठेवली होती. ॲपनं दोन रजा दिल्या, नऊ नाकारल्या. जयवंत केबिनमध्ये गेला आणि शांतपणे सांगून आला, “साहेब, गणपतीला आम्ही गावाला असतो. नोकरी इथं राहिली तर परत येऊन करू.”

त्याच आठवड्यात पत्र आलं. इस्पितळाला दर्जाचा शिक्का देणारं बाहेरचं पथक तपासणीला येणार, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी. शंतनुची नोकरी कायम व्हायची होती ती ह्याच तपासणीवर.

तेव्हा तो तळघरात उतरला. बुटांना पाणी लागू नये म्हणून टाचांवर चालत.

“संघमित्राताई,” तो म्हणाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा नाव. “मागच्या वर्षी तुम्ही छान मॅनेज केलं होतं.”

“मी? स्लाइडवर तर तुमचं नाव होतं.”

“ते टीमचं होतं. यंदाही तसंच करू या.”

“एका दिवशी दोनच रजा, साहेब. पॉलिसी आहे.” तिनं चादर झटकली, तो मागं सरला. “बाकीच्यांना विसर्जनानंतर पाठवा. गाड्याही रिकाम्या असतील.”

अभय ड्रायरमागं तोंड लपवून हसला. शंतनुला ते वाक्य ओळखीचं वाटलंच नाही. बोलणारा विसरतो. त्याला विसरायची सोय असते.

दुपारी मालन आली. घडीच्या टेबलाच्या पलीकडं उभी राहिली.

“गो संघमित्रा, यंदा पूजेची पाळी आमची आसा. पाच वर्षांनी येता. मी नाय गेलंय तर दीर-जावा तोंड बघूची नाय माझा.”

“मग जा की. मी धरलंय?”

“तू हो म्हटल्याशिवाय खाता उभा ऱ्हवाचा नाय. माका म्हायत नाय?”

“तेव्हा तोंड कुठं होतं तुझं? माझा बाप खुर्चीत बसून होता.”

मालनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं मनगटानं पुसलं. मग मराठी बदलून, मीटिंगमध्ये बोलतात तशी म्हणाली, “घाबरले. वाटलं, बोलले तर पुढच्या गणपतीला माझीच रजा जाईल.”

“गेलीच ना.”

“गेली.”

संघमित्राला तिचं रडू बघून बरं वाटलं. लपवायचं कशाला, बरं वाटलं. तिला हवं असतं तर अकराच्या अकरा जणांना तिनं मुंबईत सडवलं असतं. पण पाच वर्षांनी आलेली पाळी म्हणजे काय, हे तिला शंतनुपेक्षा जास्त कळत होतं. आणि मालनला चिरडून शंतनुचं काय जाणार होतं? दोघींचं भांडण बघून तो केबिनमध्ये चहा प्यायला असता.

“माझ्याबरोबर वर चल,” ती म्हणाली. “जे तेव्हा बोलली नाहीस ते मेघना मॅडमसमोर बोल. मग गावाला जा.”

मालन बोलली. मेघना मॅडमच्या खोलीत, पदर मुठीत धरून, शंतनु शेजारी बसलेला असताना. “मॅडम, मागच्या गणपतीत आमच्या पाळ्या ह्यांनी भरल्या. सहा डिसेंबरला ह्यांच्या भरायला आम्ही तयार होतो. सरांनी आम्हाला विचारलंच नाही. आणि मी गप्प बसले, ते चुकलं माझं.”

मेघना मॅडमनी पेन खाली ठेवलं. “स्लाइडमध्ये हे नव्हतं, शंतनु.”

संघमित्रानं कागद पुढं केला. मराठीत, तिच्या अक्षरात. गणपतीत अकरा जणांची रजा, पाच-सहा डिसेंबरला नऊ जणांची. चौदा एप्रिलला नऊ जणांची. मेघना मॅडमची सही, शंतनुची सही, आणि कागद तळघराच्या बोर्डावर लागणार. वाटाघाट नाही. पथकाला महिनाही उरला नव्हता. शंतनुनं सही केली तेव्हा त्याचा कान लाल झाला होता, आणि संघमित्रानं तो नीट बघून घेतला.

सूड इथं संपला असं वाटत असेल तर तुम्ही घोडपदेवच्या माणसांना ओळखत नाही.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी पथक तळघरात आलं. पुढं चष्मेवाल्या एक बाई, मागं मेघना मॅडम, सगळ्यांच्या पुढं-पुढं शंतनु, सूट घालून. मशीन चालू, फरशी कोरडी, सेट घड्या घालून रांगेत. बाईंना खातं आवडलं, चेहऱ्यावर दिसत होतं.

“रक्तानं भिजलेल्या चादरींचं पहिलं पाणी किती तापमानाचं?” त्यांनी शंतनुला विचारलं.

संघमित्रा त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. आयुष्यभर तिनं साहेबांच्या पाठीमागून हळूच उत्तरं पुरवली होती. खोकून, मान हलवून, कागद पुढं सरकवून. ते सोपं होतं. एकदा खोकली असती तरी पुरलं असतं.

“सत्तर डिग्री,” शंतनु आत्मविश्वासानं म्हणाला आणि भिंतीवरच्या लॅमिनेटकडं बोट दाखवलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “सत्तर?”

“वेळेची बचत होते.”

“संसर्गाचे कपडे कोण हाताळतं? नाव सांगा.”

शंतनुनं अभयकडं पाहिलं. अकरा-बारा महिने त्याच्या सहीनं अभयच्या हजेऱ्या लागल्या होत्या. “हे... काका.” अभय सव्वीस वर्षांचा होता.

कुणी हसलं नाही. कुणी खोकलं नाही. सगळे मशीनसारखे उभे. ती शांतता संघमित्रानं जन्मभर पुरेल एवढी साठवून घेतली.

मग बाई थेट तिच्याकडं वळल्या. “तुम्ही सांगा, पहिलं पाणी?”

“गार, मॅडम. गरम पाण्यानं रक्त बसतं. त्या कागदाप्रमाणे पहिल्या दिवशी केलं, चाळीस चादरी गेल्या. तेव्हापासून गारच.” मशीनवरचा तापमानाचा आकडा तिनं दाखवला. “आणि संसर्गाची पिशवी अभय उघडतो. दोन हातमोजे, एप्रन, लसीचं कार्ड त्याच्या खिशात आहे.”

विचारलं तेव्हा सांगितलं. विचारलं नव्हतं तोवर नाही सांगितलं. इस्पितळ पास झालं, रुग्णाला धक्का लागला नाही, आणि अहवालात एक ओळ आली: विभागप्रमुखास विभागाची माहिती नाही. ऑक्टोबरात शंतनुला पार्किंगच्या कामावर टाकलं आणि लाँड्रीचा ताबा संघमित्राला मिळाला. लेखी घेतला तिनं.

नोव्हेंबरात तो फ्रेम न्यायला आला. जाताना तिच्या टेबलाशी थांबला.

“तुम्ही त्या दिवशी एक इशारा केला असतात तरी चाललं असतं.”

“हो.”

“मुद्दाम केला नाहीत.”

“मुद्दाम.”

त्यानं फ्रेम काखेत धरली. “तुमच्या वडिलांचं मला नंतर कळलं. सॉरी.”

“मला काय सॉरी म्हणता? ते घोडपदेवला राहतात. मोठ्या चाळीत दुसरा मजला, रामजी म्हणून विचारा. कुणीही सांगेल. त्यांना म्हणा.”

तो येतो म्हणाला. अजून आलेला नाही.

हे सगळं तिनं रामजींना रंगवून सांगितलं. अर्ध्या तोंडानं ते हसले, दोनदा सांगायला लावलं, काकाचा किस्सा तर तीनदा. मग जड जिभेनं विचारलं, “आता त्या खुर्चीवर कोण?”

“मीच, आबा.”

“मग तुझ्यावर कोण टपलंय ते बघ.”

तिला राग आला. माझ्यावर कोण टपेल? सहा डिसेंबरला ती बाकीच्या आठ जणांसोबत रांगेत उभी राहिली, पहिल्यांदा खांद्यावर हात नसताना. खातं मालन आणि बाकीच्यांनी ओढलं. पण रामजींचं बोलणं काही डोक्यातून जाईना. त्याच महिन्यात पुढच्या वर्षाचा चार्ट लिहायला घेतला तेव्हा तिनं हजेरीतलं एकेक नाव वाचलं, आणि एका नावाशी पेन थांबलं.

बकुळा. शीव कोळीवाड्याची. उशांचे अभ्रे तिच्याकडं. ह्या गोष्टीत तिचं नाव आत्तापर्यंत आलं नाही, कारण मोजताना ती कुणाच्याच मोजणीत नव्हती. ना कोकणातल्या अकरांत, ना घोडपदेव-नायगावच्या नऊंत. गणपतीत खातं नऊ जणांनी ओढलं असं वर लिहिलंय. दहा जण होते. सहा डिसेंबरला अकरांनी नव्हे, बारांनी. दोन्हीकडच्या पाळ्या ती भरत होती, आणि नारळी पौर्णिमेला तिची पाळी भरायला कुणी नव्हतं, कारण अदलाबदलीला दोनच बाजू होत्या. संघमित्राच्या हातचा चार्ट. त्यात एक अर्जही फाटला नव्हता, कारण बकुळानं कधी दिलाच नव्हता.

संघमित्रा तिच्या टेबलाशी गेली. “बकुळा, पुढच्या वर्षी पौर्णिमेला तुला सुट्टी लावते. अजून कुठला दिवस हवा?”

बकुळानं हातातला अभ्रा दाबून घडी घातली, पुढचा घेतला.

“तुला आता सुचलं?”

“चुकलं माझं.”

“सासरा होता तेव्हा होडीच्या पूजेला सून लागायची. दर सालाला विचारायचा, येतेस का. होडी विकली आम्ही, तीन वर्षं झाली.” तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. “लाव की सुट्टी. बघते मी दुसऱ्यांच्या होड्या, बसल्या-बसल्या.”

तिनं माफ केलं नाही, आणि संघमित्राला ते मागायचं धाडसही झालं नाही. पौर्णिमा चार्टावर लाल शाईनं लागली आहे. बकुळा रोज येते, अभ्रे दाबते, आणि संघमित्रा पाठ वळवून उभी राहिली की तिला मानेवर ती नजर जाणवते.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर हे पान बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी खाली उतरा. जिनं आजवर एकदाही रजा मागितली नाही, तिच्यापाशी जा, तिला नावानं हाक मारा आणि तिचा दिवस कोणता ते विचारा.